वाचक विचारतात : बेसबॉलचा जनक कोण?

अमेरिकेतील खेळांविषयी आलेल्या पत्रांपैकी बेसबॉलच्या आरंभकाळाबद्दलची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. काही पत्रांतील प्रश्न एकसारखे असल्याने त्यांचे एकत्रित उत्तर दिले आहे.

प्रश्न : शाळेच्या ग्रंथालयातील सामान्यज्ञानाच्या एका जुन्या पुस्तकात ‘बेसबॉलचा जनक : ॲबनर डबलडे, १८३९’ असे छापले आहे. ही दंतकथा असल्याचे अलीकडे ऐकले. विद्यार्थ्यांना काय सांगावे? (एक शिक्षक, नाशिक)

उत्तर : विद्यार्थ्यांना ती दंतकथा आहे असे नि:शंकपणे सांगावे, आणि शक्य झाले तर ती कशी तयार झाली हेही सांगावे, कारण तो इतिहास मूळ दंतकथेपेक्षा कितीतरी उद्‌बोधक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री चॅडविक आणि अल्बर्ट स्पाल्डिंग या दोघांमध्ये बेसबॉलच्या उगमावरून वाद होता. चॅडविक हे इंग्लंडमधील एक्झिटर येथे जन्मलेले आणि लहान वयात अमेरिकेत आलेले पत्रकार. बेसबॉल हा इंग्लंडमधील मुलांच्या राउंडर्स या खेळातून निघाला, असे ते कित्येक वर्षे लिहीत आले होते. स्पाल्डिंग हे एकेकाळचे नामवंत पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकणारे खेळाडू, आणि पुढे क्रीडासाहित्याचे मोठे व्यापारी. अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ परदेशातून आला, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. त्यांच्याच पुढाकाराने १९०५ मध्ये एक आयोग नेमला गेला आणि नॅशनल लीग या व्यावसायिक क्लबांच्या संघटनेचे माजी अध्यक्ष अब्राहम मिल्स यांच्याकडे त्याचे अध्यक्षपद देण्यात आले.

या आयोगाच्या निष्कर्षाचा सारा भार एका माणसाच्या आठवणीवर होता. डेन्व्हर येथील ॲबनर ग्रेव्हज नावाच्या खाण अभियंत्याने कळवले की, न्यूयॉर्क राज्यातील कूपरस्टाउन या गावी १८३९ च्या सुमारास डबलडे यांनी मुलांना हा खेळ आखून दिला होता आणि ते आपण पाहिले होते. त्या वर्षी ग्रेव्हज पाच वर्षांचे होते आणि डबलडे वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत शिकत होते. डबलडे पुढे यादवी युद्धात सेनापती झाले, गेटिसबर्गच्या लढाईत लढले आणि १८९३ मध्ये वारले. परंतु आपण असा काही खेळ शोधून काढल्याचा दावा त्यांनी कधीही केला नव्हता. मिल्स आणि डबलडे यांचा परिचय तर अनेक वर्षांचा होता. तरीही १९०७ च्या अखेरीस आयोगाने ग्रेव्हज यांची आठवण ग्राह्य धरली, एका युद्धवीराचे नाव राष्ट्रीय खेळाला मिळाले आणि १२ जून १९३९ रोजी कूपरस्टाउनमध्येच बेसबॉलचे हॉल ऑफ फेम थाटामाटात उघडण्यात आले. ते संग्रहालय आजही तेथेच आहे आणि पाहण्याजोगे आहे, मात्र त्या गावाचा खेळाच्या जन्माशी संबंध नाही.

कागदोपत्री पुरावा वेगळेच सांगतो. लंडनचे प्रकाशक जॉन न्यूबेरी यांनी १७४४ मध्ये काढलेल्या मुलांच्या एका पुस्तकात बेसबॉल या नावाच्या खेळावर चित्रासह छोटीशी कविता आहे. विल्यम ब्रे या तरुणाने १७५५ च्या ईस्टर सोमवारी, इंग्लंडमधील सरे परगण्यात, मुलामुलींच्या घोळक्याबरोबर आपण बेसबॉल खेळल्याची नोंद रोजनिशीत केली आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पिट्सफील्ड गावाने १७९१ मध्ये ठराव करून, नव्या सभागृहाच्या खिडक्या फुटू नयेत म्हणून त्याच्या ८० यार्डांच्या आत चेंडूचे खेळ खेळण्यास मनाई केली, आणि मनाई केलेल्या खेळांच्या यादीत बेसबॉलचे नाव स्पष्ट आहे. म्हणजे डबलडे यांच्या जन्मापूर्वीच या खेळाने लोकांच्या खिडक्या धोक्यात आणल्या होत्या. चॅडविक यांचे म्हणणेही तंतोतंत बरोबर नव्हते; राउंडर्स हे नाव छापील स्वरूपात एकोणिसाव्या शतकात दिसते, म्हणून दोन्ही खेळ एकाच घराण्यातले, एकमेकांचे सोयरे मानावेत, हे अधिक योग्य.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. बेसबॉलचा पहिला सामना १९ जून १८४६ रोजी होबोकेन येथे झाला, असे येथे अभिमानाने सांगितले जाते. मग होबोकेनला या खेळाचे जन्मस्थान म्हणता येईल का? आणि अलेक्झांडर कार्टराइट यांचे काम नेमके कोणते? (एक वाचक, जर्सी सिटी)

उत्तर : होबोकेनचा मान मोठा आहे, पण तो जन्मस्थानाचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मॅनहॅटनमधील मोकळी मैदाने घरांनी भरून जात होती आणि दुपारनंतर कामातून मोकळ्या होणाऱ्या कारकून, व्यापारी, विमा कंपन्यांतील नोकरदार आणि डॉक्टर अशा मंडळींना खेळायला जागा उरली नव्हती. हडसन नदीपलीकडे होबोकेनमध्ये एलिशियन फील्ड्स नावाचे झाडीने वेढलेले सहलीचे ठिकाण होते आणि तेथे फेरीबोटीने थोड्या वेळात पोहोचता येत असे. २३ सप्टेंबर १८४५ रोजी स्थापन झालेल्या निकरबॉकर क्लबने हीच जागा धरली आणि आपले २० नियम लेखी स्वरूपात मान्य केले. सभासदांनी ठरलेल्या वेळी न चुकता हजर राहावे, हा त्यांतला पहिला नियम होता.

या नियमांत एक असा होता की, त्याला बेसबॉलच्या इतिहासात मी सर्वांत वरचे स्थान देईन. तोपर्यंत अमेरिकेच्या अनेक भागांत धावणाऱ्या गड्याला बाद करण्यासाठी, आपल्या लगोरीत मारतात तसा, चेंडू त्याच्या अंगावर फेकून मारत असत. निकरबॉकर मंडळींनी याला बंदी केली: बेसवर, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या ठरावीक टप्प्यावर, असलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या हातात चेंडू पोहोचला किंवा हातातला चेंडू धावणाऱ्याला टेकवला तर तो बाद, पण कोणत्याही परिस्थितीत चेंडू त्याच्यावर फेकायचा नाही. अंगावर चेंडू मारायचा असेल तर तो मऊच ठेवावा लागतो. ती गरज संपल्यावर चेंडू टणक करता आला, टणक चेंडू लांब जाऊ लागला, त्याला अडवण्यासाठी मैदान विस्तारले, लांबून अचूक फेकण्याचे कसब आले आणि पोरांचा खेळ मोठ्या माणसांनी जीव ओतून खेळावा असा झाला. एका ओळीच्या मनाईतून एवढे सगळे निघाले.

दुसरा महत्त्वाचा नियम फाऊलचा. पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या रेषांबाहेर गेलेला चेंडू धावांसाठी ग्राह्य धरायचा नाही, असे ठरल्यामुळे मैदानाचा खेळता भाग पाचरीच्या आकाराचा झाला आणि प्रेक्षकांना त्या रेषांच्या अगदी जवळ उभे राहून खेळ पाहता येऊ लागला. क्रिकेटमध्ये चेंडू चहूबाजूंना जात असल्याने प्रेक्षकांना सीमारेषेबाहेर थांबावे लागते. येथे ते पिचरचा चेहरा वाचू शकत होते. तीन गडी बाद झाले की डाव पालटायचा, हाही नियम याच संचातला आहे. सामना मात्र तेव्हा नऊ डावांचा नव्हता, आधी २१ धावा करणारा संघ जिंकत असे. आणि अंतरे फुटांत नव्हे तर पावलांत दिली होती, होमपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेपासून, दुसऱ्या बेसपर्यंत ४२ पावले.

आता त्या प्रसिद्ध सामन्याकडे वळू. १९ जून १८४६ रोजी ‘न्यूयॉर्क नाइन’ या संघाने निकरबॉकर संघाला चार डावांत २३–१ असे हरवले. ज्यांनी नियम लिहून काढले तेच इतक्या दणदणीत फरकाने हरले, यावरूनच समोरची मंडळी नवशिकी नव्हती हे उघड होते. ऑक्टोबर १८४५ मध्ये न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन येथील खेळाडूंमध्ये सामने झाल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आहेत, आणि निकरबॉकर क्लबच्या संस्थापकांपैकी विल्यम व्हीटन यांनी उतारवयात सांगितलेल्या आठवणीनुसार त्यांनी १८३७ च्या सुमारासच दुसऱ्या एका क्लबसाठी नियम लिहिले होते. म्हणून १८४६ चा सामना पहिला नव्हे.

कार्टराइट हे नियम ठरवणाऱ्या मंडळींपैकी एक होते, एकटे नव्हते. १८४९ मध्ये सोन्याच्या शोधात ते कॅलिफोर्नियाकडे निघाले आणि शेवटी हवाईत स्थायिक झाले. हॉल ऑफ फेममधील त्यांच्या फलकावर बेसमधील ९० फुटांचे अंतर, नऊ डाव आणि नऊ खेळाडू या तिन्हींचे श्रेय त्यांना दिले आहे. प्रत्यक्षात या तिन्ही गोष्टी १८५७ मध्ये न्यूयॉर्क परिसरातील १६ क्लबांच्या परिषदेत पक्क्या झाल्या, म्हणजे कार्टराइट तेथून गेल्यावर आठ वर्षांनी. त्या परिषदेचे अध्यक्ष होते डॉ. डॅनियल ॲडम्स. हे हार्वर्डमधून वैद्यकाची पदवी घेतलेले डॉक्टर निकरबॉकर क्लबचे अनेक वर्षे अध्यक्ष होते. सुरुवातीला चांगले चेंडू मिळत नसल्याने ते स्वत: क्लबसाठी चेंडू तयार करत, बॅटसाठी लाकूड कातून घेताना स्वत: जातीने हजर राहत. तो हलका चेंडू दूरच्या क्षेत्ररक्षकाला पिचरपर्यंत फेकता येत नसे, म्हणून मध्येच उभे राहून तो झेलून पुढे देण्याची जागा त्यांनी घेतली, आणि तीच आजची शॉर्टस्टॉपची जागा. २०१५ मध्ये हॉल ऑफ फेमच्या निवड समितीत त्यांना १६ पैकी १० मते पडली. १२ आवश्यक होती. डबलडेंच्या नावावर गाव प्रसिद्ध व्हावे, कार्टराइटना फलक मिळावा आणि ॲडम्स बाहेर राहावेत, ही गोष्ट मला मनापासून खटकते. या खेळाला एक जनक शोधण्याचा हट्ट सोडल्याशिवाय हा अन्याय दूर होणार नाही. बेसबॉल हा काही माणसांनी बसून, वाद घालून, एकमेकांना पटवून ठरवलेला खेळ आहे.

प्रश्न : इंग्रज जेथे गेले तेथे क्रिकेट रुजले. अमेरिकेतच ते मागे का पडले? (दोन वाचक, पुणे आणि सांगली)

उत्तर : ते अमेरिकेत रुजलेच नाही असे नाही. क्रिकेटमधला पहिला आंतरराष्ट्रीय सामना १८४४ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिका आणि कॅनडा यांच्यात झाला, आणि इंग्लंडच्या संघाचा पहिला परदेश दौरा १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियाचा नव्हे तर उत्तर अमेरिकेचा होता. स्वत: चॅडविक हे क्रिकेटच्या बातम्या देणारे वार्ताहर, १८५६ मध्ये एलिशियन फील्ड्सवर बेसबॉलचा एक चांगला सामना पाहून त्यांचे मन या खेळाकडे वळले आणि पुढे त्यांनीच बेसबॉलचे धावफलक छापण्याची पद्धत रूढ केली. आदल्या दिवशीचा सामना न पाहिलेल्या माणसालाही सकाळी वर्तमानपत्रात प्रत्येक खेळाडूची कामगिरी आकड्यांत वाचता येऊ लागली. खेळाची गोडी मैदानाबाहेर पसरवण्यात या छोट्याशा तक्त्याचा वाटा फार मोठा आहे.

कारणे अनेक आहेत, पण वेळ आणि जमीन ही मला त्यांत मुख्य वाटतात. बेसबॉलचा सामना दोन-अडीच तासांत संपत असे आणि कामावरून सुटलेल्या माणसाला तो अंधार पडण्यापूर्वी पाहून घरी जाता येई. क्रिकेटला निगा राखलेली खेळपट्टी लागते. बेसबॉलमध्ये चेंडू जमिनीवर न टेकता येत असल्याने कोणतेही बऱ्यापैकी सपाट कुरण चालते. हा फरक १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात निर्णायक ठरला. निरनिराळ्या राज्यांतून आलेले सैनिक छावण्यांमध्ये न्यूयॉर्कच्या नियमांनी खेळू लागले आणि घरी परतताना तो खेळ आपापल्या गावी घेऊन गेले. उत्तर कॅरोलायनातील सॉल्सबरी येथील युद्धकैद्यांच्या छावणीचे, कैदेत राहिलेल्या ऑटो बोटिकर या चित्रकाराने काढलेले चित्र १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आवाराच्या मधोमध बेसबॉल रंगला आहे, कडेला बसून-उभे राहून कैदी आणि पहारेकरी तो पाहत आहेत, आणि पार्श्वभूमीला झाडी व साध्या इमारती आहेत. वरवर पाहिले तर गावच्या मैदानाचे चित्र वाटावे.

शिवाय अमेरिकेतील मोठे क्रिकेट क्लब इंग्रज मंडळींच्या हातात होते आणि नियम इंग्लंडहून येत. बेसबॉलचे नियम दरवर्षी परिषद भरवून बदलता येत होते. १८६४ पर्यंत एक टप्पा घेतलेला चेंडू पकडला तरी गडी बाद होत असे. हा पोरकटपणा आहे असे वाटल्यावर तो नियम नंतरच्या हंगामापासून काढून टाकला गेला. फिलाडेल्फियात मात्र क्रिकेट पुढे पन्नास वर्षे उत्तम प्रतीचे होते. तेथील बार्ट किंग यांनी आधी बेसबॉल खेळून कमावलेला स्विंग घेऊन १९०८ मध्ये इंग्लंडमधल्या त्या हंगामातील गोलंदाजीच्या सरासरीत पहिले स्थान मिळवले. १९०९ मध्ये स्थापन झालेली क्रिकेटची आंतरराष्ट्रीय परिषद साम्राज्यातील देशांपुरती ठेवली गेली, त्यामुळे अमेरिकेला तेथे जागा नव्हती. पण तोवर क्रिकेट आणि बेसबॉल यांच्यातील देशभरातील चढाओढ संपलेली होती.

प्रश्न : पैसे घेऊन खेळणे केव्हा सुरू झाले? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आधी पैसे प्रेक्षकांनी दिले. १८५८ च्या उन्हाळ्यात लाँग आयलंडवरील एका घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन यांच्या निवडक संघांत तीन सामने झाले आणि त्यांना प्रवेशमूल्य होते. १८६२ मध्ये ब्रुकलिनच्या विल्यम कॅमेयर यांनी बर्फावरील स्केटिंगसाठी केलेली आपली जागा कुंपण घालून बेसबॉलला दिली. कुंपणामुळे फाटकावर पैसे जमू लागले आणि ते खेळाडूंपर्यंत, आधी गुपचूप, पोहोचू लागले.

उघडपणे संपूर्ण पगारी संघ उभा केला तो सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज या क्लबने, १८६९ मध्ये. त्याचे सूत्रधार हॅरी राइट हे शेफील्डला जन्मलेले, न्यूयॉर्कमधील क्रिकेट क्लबात व्यावसायिक म्हणून काम केलेले गृहस्थ. त्यांचे धाकटे बंधू जॉर्ज यांना हंगामासाठी १४०० डॉलर मिळत. मूळ सिनसिनाटीचा खेळाडू संघात एकच होता. त्याच वर्षी मे महिन्यात पूर्व-पश्चिम रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि सप्टेंबरमध्ये हा संघ त्या मार्गाने थेट कॅलिफोर्नियात जाऊन खेळून आला. त्या हंगामात तो एकदाही हरला नाही. १४ जून १८७० रोजी ब्रुकलिनमध्ये ॲटलांटिक संघाविरुद्ध नऊ डावांअखेर ५–५ अशी बरोबरी झाली. यजमान बरोबरी मान्य करून मैदान सोडायला तयार होते, पण राइट यांनी निकाल लागेपर्यंत खेळण्याचा आग्रह धरला आणि अकराव्या डावात ८–७ असा पराभव पत्करला. विजयमालिका तुटताच गर्दी ओसरली आणि त्या वर्षअखेर क्लबने पगारी संघ मोडला.

व्यावसायिक खेळाडूंची पहिली संघटना १८७१ मध्ये झाली, परंतु तिच्यात वेळापत्रक पाळले जात नव्हते आणि सट्टेबाजांचा वावर होता. २ फेब्रुवारी १८७६ रोजी शिकागोच्या विल्यम हल्बर्ट यांनी आठ क्लबांची नॅशनल लीग स्थापन केली व सत्ता खेळाडूंकडून क्लबमालकांकडे गेली. पहिल्याच हंगामात उरलेले सामने टाळणाऱ्या न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया या मोठ्या शहरांच्या संघांना काढून टाकण्यात आले, आणि १८७७ मध्ये सामने विकणाऱ्या लुईव्हिलच्या चार खेळाडूंवर कायमची बंदी आली. हा कठोरपणा आवश्यकच होता असे मी मानतो. १८७९ मध्ये खेळाडूला एकाच क्लबशी बांधून ठेवण्याची जी तरतूद सुरू झाली, तिचे समर्थन मात्र करता येत नाही. १९०१ मध्ये अमेरिकन लीग प्रतिस्पर्धी म्हणून उतरली आणि १९०३ मध्ये दोन्हींच्या विजेत्यांत पहिली वर्ल्ड सीरिज होऊन बॉस्टनने पिट्सबर्गला पाच विरुद्ध तीन सामन्यांनी हरवले.

प्रश्न : पिचर पूर्वीपासून आजच्यासारखाच खांद्यावरून चेंडू टाकत असे का? (एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : नाही. निकरबॉकर नियमांप्रमाणे हात खालून नेऊन चेंडू टाकावा लागे आणि पुढे बॅटर तो उंच हवा की खाली, हे मागूनही घेत असे. खांद्यावरून टाकण्यास नॅशनल लीगने १८८४ मध्ये परवानगी दिली, चार चुकीच्या चेंडूंवर बॅटरला पहिला बेस देण्याचा नियम १८८९ चा, आणि पिचरचे आजचे ६० फूट ६ इंच अंतर १८९३ पासूनचे.

प्रश्न : कृष्णवर्णीय खेळाडूंना जॅकी रॉबिन्सन यांच्यापूर्वी कधीच प्रवेश नव्हता का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : होता, आणि तो हिरावून घेतला गेला, म्हणून हा इतिहास अधिक क्लेशदायक आहे. फिलाडेल्फियाच्या पिथियन या कृष्णवर्णीय क्लबने १८६७ मध्ये सभासदत्व मागितले तेव्हा ते नाकारले गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय संघटनेने एकही कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या क्लबला दार बंद केले. ती संघटना मोडल्यावर मोझेस फ्लीटवुड वॉकर हे १८८४ मध्ये टोलेडो संघाचे कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारे खेळाडू) म्हणून सर्वोच्च पातळीवर खेळले. पण १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीगने कृष्णवर्णीयांशी नवे करार न करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर लेखी नियमाची गरजही न पडता मालकांच्या आपसांतील संगनमताने साठ वर्षे रंगाची भिंत उभी राहिली.

१९२० मध्ये रूब फॉस्टर यांनी कॅन्सस सिटीत कृष्णवर्णीय खेळाडूंची निग्रो नॅशनल लीग उभारली, तीत असामान्य दर्जाचे खेळाडू घडले. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन ही भिंत ओलांडून ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरले तेव्हा वॉकर यांना जाऊन तेवीस वर्षे होत आली होती. निग्रो लीगच्या स्पर्धांना प्रमुख लीगचा दर्जा २०२० मध्ये मिळाला आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत आल्यावर तेथील खेळाडू जॉश गिब्सन यांची .३७२ ही कारकिर्दीची फलंदाजीची सरासरी सर्वाधिक ठरली. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये, रॉबिन्सन उतरण्याच्या तीन महिने आधी, वारले होते.

प्रश्न : जपानमध्ये हा खेळ दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने नेला का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : हा समज सर्वत्र आढळतो, पण तो बरोबर नाही. होरेस विल्सन या अमेरिकी शिक्षकाने १८७२ मध्ये टोकियोतील आपल्या विद्यार्थ्यांना बेसबॉल शिकवला. २३ मे १८९६ रोजी टोकियोच्या ‘इचिको’ या उच्च विद्यालयाच्या मुलांनी योकोहामातील परदेशी रहिवाशांच्या संघाला २९–४ असे हरवले आणि त्या विजयाचा देशभर गाजावाजा झाला. त्यामुळे तेथे बेसबॉल प्रथम शाळा-महाविद्यालयांचा खेळ म्हणून वाढला. शालेय संघांची राष्ट्रीय स्पर्धा १९१५ मध्ये सुरू झाली, ओसाकाजवळच्या कोशिएन मैदानावर ती १९२४ पासून भरते, आणि व्यावसायिक लीग १९३६ मध्ये, म्हणजे या सगळ्यानंतर आली.